रानांतील खाज व घरचे उपचार

पावसाळा सरला कीं जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील डोंगरवाटा गजबजूं लागतात. शिवनेरी, चावंड, जीवधन, नाणेघाट, आहुपें, भीमाशंकराचें रान या ठिकाणीं मुलाबाळांसह जाणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. सापाविंचवांची धास्ती सर्वांनाच असते. परंतु वाटेच्या कडेला निमूटपणें उभ्या असलेल्या वनस्पतींची ओळख थोड्यांनाच असते. हिरडा गोळा करणाऱ्या तेथील महादेव कोळी कुटुंबांत लहान पोरालाही जें ठाऊक असतें, तें आपल्या सुशिक्षित घरांत नसावें, हें बरें नव्हे. म्हणून या विषयाचा थोडक्यांत परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खाज कोणतीही असो, औषध एकच, ही समजूत चुकीची आहे. कांहीं वनस्पतींचीं कुसें अंगांत रुततात, कांहींचा चीक त्वचा जाळतो, तर कांहींचा दाह मागाहून उठतो. कारण निराळें, म्हणून उपायही निराळा.

कुसांच्या वर्गांत खाजकुइली अग्रगण्य होय. हिचा वेल त्रिदळी पानांचा; फुलें काळसर जांभळीं; शेंगा बोटाएवढ्या, वांकड्या व सोनेरी मखमलीनें मढविलेल्या. मुलांना हात लावण्याचा मोह पडतो तो या मखमलीमुळेंच. हिवाळ्यांत शेंगा वाळल्या कीं ती लव वाऱ्यानेंही उडते. अशा वेळीं अंग चोळूं नये. चोळल्यानें कुसें अधिकच आंत जातात. प्रथम चिकटपट्टी दाबून तीं उचलून घ्यावीं, मग वाहत्या पाण्यानें व साबणानें धुवावें. खेड्यांत शेणाचा लेप देऊन तो वाळल्यावर काढण्याची चाल आहे. तिच्यांतील युक्ति खरी, कारण लेपाबरोबर कुसेंही निघतात. परंतु नखांनीं ओरखडलेल्या त्वचेवर शेण लावणें म्हणजे धनुर्वातास आमंत्रण होय.

दाट सावलींतील आग्या याच वर्गांतला. दांतेरी पानांवरील व देठांवरील त्याचीं कुसें सुईप्रमाणें पोकळ असून स्पर्श होतांच आग होते. गार पाण्याची पट्टी ठेवावी. बहुधा कांहीं तासांत आराम पडतो.

बिब्ब्याचें मात्र तसें नाहीं. चांगल्या कामांत बिब्बा घालणें हा वाक्प्रचार आपण नित्य वापरतों. त्याची गोडंबी लाडवांतही घालतों. परंतु कवचांतील ज्या काळ्या रसानें परीट कपड्यांवर खुणा करीत, तोच अंगावर उततो. सूज, फोड व खाज पुष्कळदां एकदोन दिवसांनीं दिसूं लागतात, त्यामुळें मूळ कारण ध्यानांत येत नाहीं. रस लागल्याबरोबर साबणानें धुवावें, नखें स्वच्छ करावीं, कपडे वेगळे धुवावे. धुण्यापूर्वीं तेल चोळूं नये, रस पसरतो. बिब्ब्याचीं फळें वा लांकडें जाळूं नयेत; धूरही बाधतो. फोडांतील पाण्यानें हा विकार दुसऱ्यास लागत नाहीं, हेंही घरांतील मंडळींनीं समजून घ्यावें.

गाजरगवत हें परदेशचें तण पुण्यांत १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलें. आतां शेतांच्या बांधांवर व रस्त्यांच्या कडेला सर्वत्र आहे. ज्यांस तें सोसत नाहीं त्यांच्या पापण्या, मान व कोपरांच्या लवणी येथें वर्षानुवर्षें खाज राहते. फुलावर येण्यापूर्वींच हातमोजे घालून तें उपटावें.

शेर किंवा निवडुंग यांचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीसच धोका असतो. डोळा न चोळतां निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें धुवावा व लागलीच डॉक्टरांकडे जावें. चेहरा सुजला, धाप लागली, ताप आला किंवा फोडांत पू झाला, तरी घरगुती उपचारांत वेळ दवडूं नये.

सहलीच्या शिदोरींत साबणाची वडी, चिकटपट्टी व पाणी अवश्य असावें. आणि मुलांना गडांचीं नांवें शिकवितांना वाटेवरच्या या झाडाझुडपांचींही शिकवावीं. ओळख असली म्हणजे निम्मा उपचार आधींच झाला.