जाहिरातीतील नेत्यांची नावे : कायद्याची मर्यादा कोठपर्यंत?

निवडणुकीच्या दिवसांत भिंतीवर लागलेल्या भित्तिपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता छापलेला असतो. वाटसरूचे लक्ष त्याकडे क्वचितच जाते. तथापि, त्या एका ओळीमागे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२७-क उभे आहे. १९६१ मध्ये समाविष्ट करण्यात आलेल्या या कलमाचा भंग करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सार्वजनिक जीवनातील व्यक्तीचे नाव घेऊन मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याने स्वतःचे नाव झाकून ठेवू नये, हे या तरतुदीचे सार होय.

आज भिंतीची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. काही शे रुपये भरून कोणीही आपली जाहिरात निवडक गावांतील, निवडक वयोगटांतील हजारो लोकांपर्यंत पोहोचवू शकतो. तीत एखाद्या मंत्र्याचे नाव असते, एखाद्या उमेदवाराचे छायाचित्र असते, तर कधी नेत्याचा हुबेहूब आवाजही असतो. असे नाव वापरण्यास मुभा आहे काय, असल्यास कोणाला व किती, हा प्रश्न त्यामुळे सामान्य नागरिकापर्यंत येऊन पोहोचला आहे. या विषयाचा एकच स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. जाहिरात कशासाठी आहे, यावर कोणता कायदा लागू होईल हे अवलंबून असते. म्हणून व्यापार, निवडणूक, शासकीय प्रसिद्धी आणि फसवणूक अशा चार अंगांनी त्याचा विचार करणे सोयीचे ठरेल.

व्यापारासाठी नावाचा वापर

बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० हा या बाबतीतील सर्वांत जुना व महत्त्वाचा कायदा होय. त्याच्या अनुसूचीत नमूद केलेले नाव किंवा बोधचिन्ह केंद्र शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून व्यापार, धंदा किंवा व्यवसायासाठी वापरता येत नाही. या अनुसूचीत महात्मा गांधी, पंडित जवाहरलाल नेहरू, श्रीमती इंदिरा गांधी आणि भारताचे प्रधानमंत्री यांचे नाव व चित्र यांचा समावेश आहे. त्याच नोंदीत छत्रपती शिवाजी महाराजांचेही नाव आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिनदर्शिकेवर चित्र छापण्यापुरती सवलत आहे. मात्र त्या दिनदर्शिकेवर केवळ निर्माता व मुद्रक यांचीच नावे असावीत आणि तिचा उपयोग मालाच्या जाहिरातीसाठी होऊ नये, अशी अट आहे.

हा कायदा झाला तेव्हा इंटरनेटचा मागमूसही नव्हता. परंतु कायद्याने माध्यमाचा उल्लेख न करता वापराच्या हेतूचा उल्लेख केला आहे. म्हणून वर्तमानपत्रातील पानास जो नियम लागू होतो, तोच समाजमाध्यमावरील सशुल्क जाहिरातीसही लागू होतो.

या तरतुदीची देशभर चर्चा झाली ती २०१६ मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओ या दूरसंचार सेवेच्या जाहिरातीत आणि नोव्हेंबरमध्ये, नोटाबंदीच्या घोषणेनंतर लगेच, पेटीएमच्या जाहिरातीत प्रधानमंत्र्यांचे छायाचित्र झळकले. त्यासाठी पूर्वपरवानगी घेण्यात आलेली नव्हती. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने विचारणा केल्यानंतर दोन्ही कंपन्यांनी दिलगिरी व्यक्त केली. या निमित्ताने कायद्यातील एक उणीवही लोकांसमोर आली. १९५० साली ठरविलेला कमाल दंड पाचशे रुपयांचा होता व २०१६ मध्येही तो तेवढाच होता. कोट्यवधी रुपयांच्या जाहिरात मोहिमेस पाचशे रुपयांचा धाक कितीसा वाटणार, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी उपस्थित केला.

प्रधानमंत्र्यांव्यतिरिक्त अन्य मंत्री, आमदार, खासदार किंवा पक्षनेते यांची व्यक्तिगत नावे या विशेष नोंदीत नाहीत. याचा अर्थ ती वाटेल तशी वापरता येतात असा मात्र नव्हे. राज्य शासनाचे नाव व मुद्रा, तसेच शासनाचा आश्रय असल्याचे सुचविणारी नावे यांनाही हा कायदा संरक्षण देतो. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तसाच भंग झाल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ‘अमुक मंत्र्यांनी शिफारस केलेले औषध’ अशी खोटी जाहिरात करणारा या तरतुदीच्या कक्षेत येतो.

निवडणुकीच्या काळात

निवडणूक जाहीर झाली की नियमांचे स्वरूप अधिक काटेकोर होते. भारत निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी समाजमाध्यमांविषयी सविस्तर सूचना दिल्या. त्यानुसार उमेदवाराने शपथपत्राच्या नमुना २६ मध्ये आपल्या समाजमाध्यम खात्यांची माहिती द्यावयाची असते. इंटरनेटवरील राजकीय जाहिरातींना प्रसारणापूर्वी प्रमाणपत्र घ्यावे लागते. जाहिरातीसाठी कंपन्यांना दिलेले पैसे, मजकूर तयार करण्याचा खर्च व त्या कामावरील माणसांचे वेतन हे सारे निवडणूक खर्चात दाखवावे लागते.

हे प्रमाणपत्र देण्याचे काम माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती करते. जिल्हा पातळीवरील समितीत जिल्हा माहिती अधिकारी सदस्य सचिव म्हणून काम पाहतात. नोंदणीकृत पक्ष व उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी आणि इतरांनी किमान सात दिवस आधी अर्ज करावयाचा, ही मुदत दूरचित्रवाणीवरील जाहिरातींबाबत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००४ रोजी दिलेल्या आदेशानंतर रूढ झाली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. एखाद्या नागरिकाने अथवा उमेदवाराने स्वतःच्या खात्यावर लिहिलेले मत, टाकलेले छायाचित्र किंवा ध्वनिचित्रफीत ही राजकीय जाहिरात समजली जात नाही. त्यास पूर्वप्रमाणपत्र लागत नाही. त्याच मजकुराचा प्रसार वाढविण्यासाठी पैसे भरले की मात्र त्याचे स्वरूप पालटते.

समजा, एखाद्या उत्साही तरुणाने आपल्या आवडत्या उमेदवाराचे नाव व छायाचित्र असलेला मजकूर आठशे रुपये भरून मतदारसंघात सर्वत्र दाखविला. उमेदवारास त्याची वार्ताही नाही. हेतू निर्मळ असला तरी येथे भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम १७६ आड येते. उमेदवाराच्या लेखी प्राधिकाराशिवाय त्याच्या विजयासाठी जाहिरातीवर खर्च करणे हा त्यानुसार अपराध आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम १७१-ज खाली यासाठी पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेत तो दहा हजार रुपयांपर्यंत वाढविण्यात आला आहे. उमेदवाराने संमती दिलेली असेल, तर ते आठशे रुपये त्याच्या हिशेबात धरले जातात. २०२२ मध्ये सुधारण्यात आलेल्या नियमांनुसार महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख व विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपये अशी खर्चाची मर्यादा आहे. पडद्याआडून होणारा खर्च हिशेबात आला नाही, तर या मर्यादेला काही अर्थ उरणार नाही आणि साधनसंपन्न उमेदवारापुढे सामान्य उमेदवाराचा निभाव लागणार नाही.

प्रतिस्पर्ध्याचे नाव वापरण्यासही बंधने आहेत. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी, खोटे आहे असे ठाऊक असताना किंवा खरे आहे असा विश्वास नसताना, त्याच्या यशास बाध येईल असे विधान प्रसिद्ध करणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३(४) खाली भ्रष्टाचार ठरतो. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी असे केले, तर झालेली निवडही रद्द होऊ शकते. मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत निवडणूकविषयक मजकूर दूरचित्रवाणी व तत्सम साधनांवरून दाखविण्यास कलम १२६ मनाई करते. या काळातील भंगाबाबत आयोगाकडून सूचना मिळाल्यास तीन तासांच्या आत कार्यवाही करण्याचे प्रमुख समाजमाध्यम कंपन्यांनी मार्च २०१९ मधील स्वेच्छासंहितेद्वारे मान्य केले.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या वेळी या आयोगाचे आदेश स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक असते.

शासकीय जाहिरातींवरील बंधने

नियम केवळ इतरांसाठीच आहेत असे नाही. जनतेच्या पैशातून दिल्या जाणाऱ्या जाहिरातींत कोणाची छायाचित्रे असावीत, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर १३ मे २०१५ रोजी निर्णय दिला. आरंभी राष्ट्रपती, प्रधानमंत्री व सरन्यायाधीश यांच्यापुरतीच मुभा होती. १८ मार्च २०१६ रोजी राज्यपाल, मुख्यमंत्री व संबंधित खात्यांचे मंत्री यांच्यापर्यंत ती वाढविण्यात आली. मात्र, शासकीय जाहिरातीत सत्ताधारी पक्षाचे नाव, चिन्ह किंवा ध्वज असू नये व विरोधकांवर टीका असू नये, हे सूत्र कायम आहे. योजनेची माहिती नागरिकास मिळावी यासाठी खर्च होतो, व्यक्तीचा महिमा वाढविण्यासाठी नव्हे, ही त्यामागील भूमिका आहे.

फसवणुकीचे नवे रूप

सर्वाधिक हानी होते ती नेत्याच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीमुळे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केंद्रीय अर्थमंत्र्यांचा चेहरा व आवाज वापरून तयार केलेल्या, अल्पावधीत भरमसाट परतावा देण्याचे आमिष दाखविणाऱ्या ध्वनिचित्रफिती बनावट असल्याचे पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागाने वेळोवेळी जाहीर केले आहे. अशा जाहिरातीस बळी पडणारा बहुधा निवृत्तिवेतनावर जगणारा किंवा मुलीच्या लग्नासाठी पै-पै साठविणारा असतो. मंत्र्यांच्या तोंडून ऐकले म्हणून तो निःशंक होतो.

संगणक साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-घ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निवडणुकीच्या संदर्भात आयोगाने ६ मे २०२४ रोजी राजकीय पक्षांना सूचना दिली की, असा बनावट मजकूर निदर्शनास येताच तीन तासांच्या आत काढून टाकावा. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या मजकुरावर तसा स्पष्ट उल्लेख करण्याची सूचना जानेवारी २०२५ मध्ये देण्यात आली.

टीकेचे स्वातंत्र्य अबाधित

या सर्व तरतुदींमुळे नेत्याचे नाव उच्चारणेच धोक्याचे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने दिलेले भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य इंटरनेटवरही तितकेच लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल प्रकरणात, संमतीविना व्यक्तीच्या नावाचा जाहिरातीसाठी वापर करणे आणि लोकसेवकाच्या अधिकृत कार्याची चिकित्सा करणे, या दोहोंत स्पष्ट फरक केला आहे. २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-क रद्द करताना याच स्वातंत्र्याचा पुरस्कार न्यायालयाने केला. बातमी, समीक्षा, व्यंगचित्र, रस्ता का झाला नाही असा आमदारांना नाव घेऊन विचारलेला जाब, हे लोकशाहीचे नित्य व्यवहार आहेत. त्यांसाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

नागरिकांनी काय करावे?

नेत्याचे नाव घेऊन पैसे गुंतविण्यास सांगणारी जाहिरात दिसल्यास ती प्रथम बनावटच समजावी व संबंधित विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिले काही तास रक्कम रोखण्याच्या दृष्टीने मोलाचे असतात. निवडणूक काळातील आक्षेपार्ह जाहिरातीची तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे किंवा आयोगाच्या सी-व्हिजिल या ॲपवर करता येते. तक्रारीसोबत पडद्याचे छायाचित्र, जाहिरातदाराचे नाव व दिनांक जोडावा. व्यापाऱ्यांनी जाहिरात देण्यापूर्वी परवानगीचा विचार करावा आणि कार्यकर्त्यांनी पैसे भरण्यापूर्वी उमेदवाराचा लेखी प्राधिकार घ्यावा.

सार्वजनिक जीवनातील व्यक्तीच्या नावास जे वजन असते, ते लोकांनी टाकलेल्या विश्वासाचे असते. ते वजन कोणी आपल्या मालासाठी वा आपल्या लबाडीसाठी परस्पर वापरू लागला, तर फसगत लोकांचीच होते. कायद्याने त्यास आळा घालण्याची साधने दिली आहेत. त्यांचा उपयोग करून घेणे जागरूक नागरिकांच्या हाती आहे.