दूरचा हिशेबनीस

जबलपूरमधील कमानिया गेट ही १९३९ साली भरलेल्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेली वास्तू होय. तिच्या परिसरातील बाजारपेठेसारख्या जुन्या बाजारांत मालकाच्या शेजारी गादीवर बसून वही लिहिणारा मुनीम पूर्वी सर्रास दिसे. मालकाची नजर वहीवर असे आणि वही सायंकाळी कुलुपात जाई. आता मात्र लहान दुकानदारालाही पूर्णवेळ मुनिमाचा पगार परवडेलच असे नाही. शिवाय १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्याने हिशेब वेळच्या वेळी पुरा होणे अपरिहार्य झाले आहे. अशा वेळी नागपूर किंवा पुण्यास बसून संगणकावर अनेक दुकानांचे जमाखर्च लिहिणारा हिशेबनीस नेमणे सोयीचे ठरते. प्रश्न एवढाच की, जो माणूस डोळ्यांसमोर नाही, त्याच्या हाती आपला हिशेब कसा द्यावा?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. खुद्द जबलपूर १७८१ साली पेशव्यांच्या सागर प्रांतात समाविष्ट झाले आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. पेशवाईत दूरच्या मुलखाचा हिशेब पुण्याच्या हुजूर दप्तरात पाहिला जाई. मोठ्या प्रांतांत कारभाऱ्याच्या जोडीला दरकदार नेमलेले असत. फडणीस रोजकीर्द ठेवी, दप्तरदार तिच्यावरून खतावणी करून गोषवारा पाठवी, पोतनीस वसूल व शिल्लक सांभाळी, आणि मजुमदार हिशेब तपाशी. या दरकदारांना दूर करण्याचा अधिकार कारभाऱ्यास नसे. थोडक्यात, लिहिणारा एक, रोकड सांभाळणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा, अशी ही वाटणी होती. अपहार तिच्यामुळे सर्वस्वी थांबले असे नव्हे; पण ते लपवणे मात्र अवघड होई.

दुकानदाराने दूरचा हिशेबनीस नेमताना हेच तत्त्व ध्यानी धरावे. हिशेबनिसाकडे लेखणी द्यावी, तिजोरीची किल्ली देऊ नये. बँकेचे खाते त्याला पाहता यावे, परंतु त्यातून पैसे काढण्याचा अधिकार त्याला नसावा. कराच्या संकेतस्थळावर नोंदलेला दूरध्वनी क्रमांक व ईमेल मालकाचेच असावेत. कित्येक ठिकाणी सोयीसाठी तेथे हिशेबनिसाचाच क्रमांक दिला जातो. पुढे संबंध तुटले, म्हणजे सांकेतिक अंक त्याच्याकडे जातात आणि मालक आपल्याच दप्तराबाहेर उभा राहतो.

दुसरी गोष्ट कागदांची. समजा, एका भांड्याच्या दुकानात दिवसाला चाळीस बिले होतात. खरेदीची बीजके, खर्चाच्या पावत्या आणि सायंकाळी मोजलेली रोख शिल्लक यांची छायाचित्रे त्याच दिवशी पाठवण्याचा नेम असावा. पंधरवड्याचे कागद एकदम पाठवल्यास कोणती रक्कम कोणाची, हे मालकालाही आठवत नाही. रोकड मोजण्याचे काम दुकानातच होते. म्हणून रोजमेळ जुळला की नाही, हे दोघांनी स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक ठरते.

विलंबाची किंमत केवळ दंडापुरती राहत नाही. दरमहा विवरण भरणाऱ्यास विक्रीचे विवरण सामान्यतः पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, तर एकूण कराचे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. जानेवारी २०२२ पासून, विक्रेत्याने बीजक आपल्या विवरणात दाखवल्याखेरीज खरेदीदाराला त्या कराची वजावट मिळत नाही. अर्थात हिशेबनिसाने एक बीजक वगळले तर तोटा समोरच्या व्यापाऱ्याचा होतो, आणि वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरते.

नेमणुकीपूर्वी एका जुन्या महिन्याचे कागद देऊन त्याच्याकडून हिशेब लिहवून घ्यावा आणि तो आधीच्या हिशेबाशी ताडून पाहावा. करार लेखी असावा. कोणते काम कोणत्या तारखेस पुरे होईल, मोबदला किती, माहिती कोणासही न देण्याचे बंधन आणि काम सोडताना सर्व नोंदी मालकाच्या स्वाधीन करणे, या बाबी त्यात स्पष्ट असाव्यात. करविषयक वह्या व कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. त्या नोंदींची एक प्रत दुकानातही असणे इष्ट.

कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी मात्र मालकाचीच राहते. चूक हिशेबनिसाची असली तरी नोटीस दुकानाच्या नावे येते. म्हणून महिनाअखेरीस तीन गोष्टी त्याने स्वतः पाहाव्यात: बँकेची शिल्लक वहीशी जुळते काय, कोणाकडून किती येणे आहे, आणि कोणाचे किती देणे आहे. गल्ल्यावर बसणाऱ्यास ही माणसे ओळखीची असतात. परगावी बसलेल्या हिशेबनिसास वहीतील नाव केवळ नाव असते. त्या नावापुढील आकडा संशयास्पद आहे, हे मालकालाच प्रथम उमगते.