बसखालचा डाग आणि गळतीचा उगम

मुंबईच्या उपनगरांत रात्रीचा प्रवास करून पहाटे पोहोचलेल्या लांब पल्ल्याच्या खासगी बस बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड या भागांत मोठ्या रस्त्यांलगत दिवसभर उभ्या राहतात आणि संध्याकाळी पुन्हा निघतात. सफाई, टायरची हवा, तेलपाण्याची पातळी आणि किरकोळ दुरुस्ती हे सारे या मधल्या अवधीतच उरकायचे असल्यामुळे गाडीखाली दिसलेल्या डागाचा अर्थ घाईने लावला जातो, आणि त्यावरून जो भाग सर्वांत ओला दिसतो तोच बदलून मोकळे होण्याकडे कल असतो. हा कल समजण्याजोगा असला तरी मुळात चुकीचा आहे, कारण द्रव जिथून सुटतो त्या जागेपासून तो चौकटीच्या कडेने, वायरींच्या जुडग्यावरून आणि पाइपांच्या पोटाखालून वाहत जाऊन सर्वांत खालच्या टोकाला थेंब धरतो, आणि ते टोक बहुधा निर्दोष असते.

मुंबईत 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली मोटारबस धावली, त्यानंतर अनेक दशके इथल्या बसचे इंजिन पुढे, चालकाच्या शेजारी असे आणि त्याचे झाकण उघडले की गळती बरीचशी डोळ्यांसमोर येई. आजच्या लांब पल्ल्याच्या बारा ते पंधरा मीटर लांबीच्या वातानुकूलित गाड्यांत इंजिन मागील टोकाला असते. धावत्या बसच्या पाठीमागे हवेचा दाब कमी झाल्याने रस्त्यावरची धूळ वर ओढली जाते, रेडिएटरच्या पंख्याचा झोत त्यात भर घालतो, आणि अगदी बारीक गळतीसुद्धा काही फेऱ्यांत संपूर्ण इंजिनकक्षावर तेलमिश्रित धुळीचा थर चढवते. अशा वेळी सर्वांत ओली जागा शोधण्यापेक्षा सर्वांत वरची आणि, गाडीच्या धावण्याच्या दिशेने पाहता, सर्वांत पुढची ओली जागा शोधावी लागते.

त्याआधी द्रव ओळखणे आवश्यक ठरते. उपनगरांतील दमट हवेत बसखाली दिसणारे मोठे थारोळे पुष्कळदा वातानुकूलन यंत्रणेत हवेतून निथळलेले पाणीच असते. छतावरील यंत्रातून ते खांबांमधल्या नळ्यांवाटे खाली येते, त्याला रंग नसतो, वास नसतो आणि त्याची कसली दुरुस्तीही नसते. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी व ग्लायकॉल यांचे रंगीत मिश्रण. ते बोटांना बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास असतो आणि ते विषारी असल्यामुळे त्याची चव घेऊन पाहण्याची जुनी खोड घातक आहे. इंजिन ऑइल काळे व जळकट, तर डिफरन्शियलचे, म्हणजे मागील चाकांना फिरण्याची गती वाटून देणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीतले, तेल घट्ट असून त्यातील गंधकयुक्त घटकांमुळे त्याचा उग्र वास हाताला दिवसभर राहतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये आणि स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये पुष्कळदा लाल रंगाचे तेल असते, परंतु जुने झाल्यावर तेही तपकिरी होते, म्हणून केवळ रंगावर विसंबता येत नाही. बीएस-6 गाड्यांत धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण घटवण्यासाठी वापरले जाणारे युरियाचे द्रावण मात्र वाळल्यावर पांढरे स्फटिक मागे ठेवते आणि आपला माग स्वतःच सांगते.

यानंतरची पायरी धुण्याची आहे, आणि गळती शोधण्याचे निम्मे काम तिच्यातच होते, जरी धुणे हे हेल्परचे काम मानून कुशल फिटर त्याकडे सहसा दुर्लक्ष करतो. संशयित भाग धुऊन, दाबाच्या हवेने कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली, की इंजिन सुरू केल्यावर पहिली ओली रेषा पांढऱ्यावर स्पष्ट उमटते. काही गळत्या तेल तापून पातळ झाल्याशिवाय दिसत नाहीत आणि काही घाटात भार पडल्याशिवाय सुरू होत नाहीत, त्यामुळे उभ्या गाडीत मिळालेला निर्वाळा अंतिम मानता येत नाही. डिझेलच्या उच्चदाब पाइपांजवळ मात्र बोट फिरवून गळती चाचपणे पूर्णतः वर्ज्य आहे, कारण आधुनिक इंजिनांत हा दाब 1,600 बारच्या पुढे जातो आणि डोळ्यांना न दिसणारा फवारा कातडी भेदून आत शिरतो. तिथे पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहतात. तसेच हवेच्या फुग्यांवर तोललेली बस हवा सुटताच खाली बसते, म्हणून चौकटीला भक्कम टेकू दिल्याशिवाय तिच्याखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

माग काढत गेल्यावर पुष्कळदा अशा एखाद्या भागाशी येऊन थांबावे लागते, ज्याचे नाव उपस्थितांपैकी कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी त्याच्या आकारावरून तर्क करण्यापेक्षा त्याला जोडलेल्या नळ्या पाहणे अधिक फलदायी असते. क्लिपने आवळलेला जाड रबरी पाइप बहुधा कमी दाबाचा, म्हणजे कूलंटचा किंवा तेल टाकीकडून पंपाकडे नेणारा असतो. ज्याची टोके यंत्राने दाबून बसवली आहेत असा तारांची जाळी गुंफलेला पाइप उच्च दाबाच्या तेलाचा असतो. आणि बारीक, कडक नायलॉनची नळी सामान्यतः हवेची असते. हवेच्या ब्रेकच्या झडपांवर तोंडांशेजारी आकडे कोरलेले असतात आणि त्यांचा अर्थ आंतरराष्ट्रीय संकेताने ठरलेला आहे: 1 म्हणजे पुरवठा आत येण्याचे तोंड, 2 म्हणजे पुढे जाण्याचे, 3 म्हणजे हवा बाहेर सोडण्याचे आणि 4 म्हणजे झडपेला हुकूम देणाऱ्या दाबाचे. हे चार आकडे ज्याला वाचता येतात त्याला झडपेचे नाव ठाऊक नसले तरी तिचे काम कळते, आणि 3 क्रमांकाच्या तोंडातून हवा सतत सुटत असेल तर दोष आतल्या बैठकीत किंवा सीलमध्ये शोधावा लागतो, हेही कळते.

या दृष्टीने मागील एक्सलच्या हाउसिंगवर बसवलेला, छोट्या छत्रीसारखा दिसणारा एक भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. तो ब्रीदर, म्हणजे आतली हवा तापून फुगली की बाहेर सोडणारी आणि निवली की आत घेणारी वाट होय. चिखलाने ती बुजली की धावताना आतला दाब वाढतो आणि चांगल्या स्थितीतील ऑइल सीलच्या, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती घट्ट बसणाऱ्या रबरी ओठाच्या कडीच्या, कडेतून तेल बाहेर ढकलले जाते. सील बदलले जाते, गळती राहते, पुन्हा सील बदलले जाते, आणि दोष सुट्या भागाच्या दर्जाला दिला जातो. पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या सखल जागी साचलेल्या पाण्यातून तापलेला एक्सल गेला तर याच्या उलट घडते. हाउसिंग एकाएकी थंड होते, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरवाटे किंवा सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते; तेल दुधाळ झाले की हे उघड होते, पण तोवर बेअरिंगांची झीज सुरू झालेली असते.

याउलट वॉटर पंपाच्या अंगावरचे बारीक छिद्र मुद्दाम गळण्यासाठीच ठेवलेले असते. पंपाचे आतले सील झिजले की कूलंट बेअरिंगकडे न जाता त्या छिद्रातून बाहेर यावे आणि वेळीच सूचना मिळावी हा त्याचा हेतू असतो, आणि तेच छिद्र एम-सील थापून बंद करणारा कारागीर दुरुस्ती करत नसून सूचनाच दडपत असतो. काही गळत्यांना तर थेंबही नसतो: इंजिनच्या गिअरवर चालणाऱ्या स्टिअरिंग पंपाचे दांड्याचे सील गेले की त्याचे तेल इंजिनात उतरते, टाकीची पातळी घटत राहते आणि जमीन कोरडी असते.

उगम नक्की झाल्यावर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या बाजारात नमुना घेऊन जाण्याची रीत आहे. तिथे एक फसगत संभवते. ओतीव धातूत उठून दिसणारा मोठा क्रमांक साच्याचा असतो आणि एकाच साच्यातले भाग पुढे निराळ्या छिद्रांचे व निराळ्या मापांचे घडवले जातात, त्यामुळे खरा क्रमांक छोट्या पट्टीवर किंवा कोरलेल्या बारीक अंकांत शोधावा लागतो. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, तरी माप जुळले म्हणून रबराची जात जुळतेच असे नाही, आणि साधे रबर तापत्या दांड्यावर लवकरच कडक होऊन तडकते.

प्रत्येक ओलावा त्याच दिवशी बंद करणे शक्यही नसते आणि आवश्यकही नसते. गिअरबॉक्सच्या जोडावर तेलाचा नुसता पाझर असेल, थेंब धरत नसेल आणि पातळी उतरत नसेल, तर त्या जागेवर खूण करून आणि वहीत नोंद घेऊन गाडी सोडता येते. मात्र तेच तेल किंवा डिझेल टर्बोच्या किंवा धुराच्या तापलेल्या पाइपच्या वरच्या बाजूस ओघळत असेल, तर प्रवाशांची तिकिटे निघालेली असली तरी संध्याकाळची फेरी दुसऱ्या गाडीवर टाकावी लागते.