मक्यावरची अळी लसीच्या कामाला

मक्याच्या पोंग्यात शिरून पाने चाळणीसारखी करणारी, डोक्यावर उलट्या ‘वाय’ची खूण असलेली अमेरिकन लष्करी अळी आता तुमच्या चांगलीच ओळखीची आहे. 2018 साली ती भारतात प्रथम आढळली. पण याच जातीच्या अळीच्या पेशींनी पुण्यात माणसाचे मोठे काम केले आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील नोव्हावॅक्स कंपनीच्या तंत्राने ‘कोवोव्हॅक्स’ ही करोनाची लस बनवली. डिसेंबर 2021 मध्ये तिला आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. करोनाचा विषाणू ज्या काटेरी प्रथिनाने आपल्या पेशीला चिकटतो, ते प्रथिन या लसीत असते. ते तयार होते अळीच्या पेशींत!

हे कसे घडते? घाटेअळीवर आपण एच.एन.पी.व्ही. हा विषाणू फवारतो. अळी मरून उलटी लटकते. त्याच कुळातला एक विषाणू शास्त्रज्ञ घेतात आणि त्यात हवे ते प्रथिन बनवण्याची सूचना बसवतात. तो पेशींत शिरला, की पेशी मरण्यापूर्वी ते प्रथिन भरपूर बनवतात. मग ते वेगळे काढून शुद्ध करतात.

यासाठी रोज अळ्या पकडाव्या लागत नाहीत. 1970 च्या दशकात अमेरिकेत या अळीच्या कोषातील अंडाशयापासून पेशी वाढवल्या गेल्या. विरजणाने विरजण लावावे, तशा त्या आजवर वाढत आल्या आहेत. पुण्यालाही ही विद्या जुनी आहे. येथील विषाणू संशोधन केंद्रात डॉ. के. आर. पी. सिंग यांनी 1967 साली डासांच्या अळ्यांपासून अशा पेशी वाढवल्या होत्या.

लसीपुरताच हा उपयोग नाही. भिंतीच्या विटा चुन्याने धरून राहतात, तशा आपल्या शरीरातील पेशी काही प्रथिनांमुळे एकमेकींना धरून असतात. कर्करोगात ही पकड अनेकदा ढिली होते आणि रोग पसरतो. अभ्यासासाठी माणसाची ही प्रथिनेही अळीच्या पेशींत बनवता येतात.

तेव्हा कोणी म्हणाले, “ही किड्याची लस, घेऊ नका,” तर त्याला समजावून सांगा, की लसीत अळी नसते आणि करोनाचा विषाणूही नसतो. शेतातल्या अळीचा बंदोबस्त मात्र वेळेवर कराच!