सर्व्हरच्या बिघाडाचे निदान : सेवा केंद्रापासून दुधाळ्यापर्यंत

परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला हिंगोली जिल्हा हळदीसाठी, औंढ्याच्या नागनाथासाठी आणि नर्सीच्या संत नामदेवांसाठी ओळखला जातो; वेब सर्व्हरच्या चर्चेत त्याचे नाव कोणी घेत नाही. तरीही सर्व्हरवर चालणाऱ्या व्यवस्थेची दोन टोके याच जिल्ह्यात आहेत. एक टोक गावोगावच्या आपले सरकार सेवा केंद्रात आहे, जिथे सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि पीकविम्याचा अर्ज एकाच संगणकातून जातो; दुसरे औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे आहे, जिथे गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. या दोन्ही टोकांना लागणारे निदानाचे शास्त्र एकच आहे आणि ते सामान्य वाचकालाही समजण्याजोगे आहे.

२०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात पीकविमा देऊ केला, तेव्हा राज्यभरातून दीड कोटींहून अधिक अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा शेवटच्या दिवसांत ‘साईट चालत नाही’, ‘लोड आलाय’, ‘ओटीपी येत नाही’ एवढीच कारणे शेतकऱ्याच्या कानी पडतात. या तक्रारींमागे दहा वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो.

गर्दीचे गणित आधी पाहणे योग्य ठरेल. ब्राउझरकडून आलेली विनंती वेब सर्व्हर, म्हणजे अपाची किंवा एन्जिनएक्ससारखी आज्ञावली, स्वीकारतो आणि ती पीएचपी, पायथन अशा भाषेत लिहिलेल्या सर्व्हरवरील स्क्रिप्टकडे सोपवतो; स्क्रिप्ट डेटाबेसला विचारून उत्तराचे पान तयार करते. हे काम करणाऱ्या प्रक्रियांची, म्हणजे वर्करची, संख्या ठरलेली असते. समजा असे ५० वर्कर आहेत आणि एका विनंतीला ०.२ सेकंद लागतात. तर दर सेकंदाला २५० विनंत्या निघतात. डेटाबेसमधील एका तक्त्याला योग्य सूची नसल्याने तोच शोध ५ सेकंदांवर गेला, की तेच ५० वर्कर सेकंदाला फक्त १० विनंत्या काढू शकतात. यंत्र तेच, वीज तीच, पण क्षमता पंचविसाव्या हिश्शावर येते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम हेच सांगतो. त्यात पान उघडेना म्हणून केंद्रचालकाने पुन्हा पुन्हा रिफ्रेश केले, की जुनी विनंती बहुधा आत चालूच राहते आणि नवी तिच्यामागे उभी राहते. अशा वेळी वर्कर वाढवण्याचा मोह होतो, पण तो बहुतेकदा घातक ठरतो, कारण डेटाबेसच्या जोडण्याही मर्यादित असतात. पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्या देते, मायएसक्यूएल १५१. दुखणे सूचीत असताना वर्कर वाढवणे म्हणजे दुखणे डेटाबेसच्या दारात नेऊन ठेवणे होय.

पडद्यावर उमटणारा तीन आकडी क्रमांक हा निदानाचा पहिला पुरावा असतो आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. ५०० म्हणजे बहुधा स्क्रिप्ट स्वतःच चुकली. ५०२ म्हणजे पुढच्या सर्व्हरला मागच्या प्रक्रियेकडून धड उत्तर मिळाले नाही, बहुधा ती मरून पडली आहे. ५०४ म्हणजे ती जिवंत असावी, पण वेळेत बोलली नाही, आणि ही वेळ एन्जिनएक्समध्ये मुळात ६० सेकंद असते. ५०३ म्हणजे सेवा तूर्त काम घेण्याच्या स्थितीत नाही. ४१३ म्हणजे पाठवलेला मजकूर मर्यादेपेक्षा मोठा आहे, आणि त्याचा संबंध थेट अर्जाला जोडायच्या पासबुकाच्या फोटोशी आहे. एन्जिनएक्सची मूळ मर्यादा १ मेगाबाइट आणि पीएचपीची एका फाइलसाठी २ मेगाबाइट असते, तर मोबाइलवर काढलेला फोटो सहज ३-४ मेगाबाइटचा निघतो. त्याहून फसवा प्रकार असा, की संपूर्ण अर्जाचा आकार पीएचपीच्या ८ मेगाबाइटच्या मूळ मर्यादेबाहेर गेला, तर स्क्रिप्टला सगळे रकाने रिकामे दिसतात आणि सारी माहिती भरलेल्या शेतकऱ्याला ‘नाव भरा’ असा संदेश मिळतो.

गेल्या दशकात या साऱ्यावर कंटेनरचा थर चढला. आज्ञावली, तिला लागणारे ग्रंथसंग्रह आणि मांडणी एका गठ्ठ्यात बांधून तो कोणत्याही लिनक्स यंत्रावर तसाच चालवायचा, ही कंटेनरची कल्पना. तिची मुळे १९७९ च्या युनिक्समधील ‘सीएचरूट’पर्यंत जातात; प्रक्रियांच्या गटाला स्मृती आणि प्रोसेसर मोजून देणारी ‘सीग्रुप’ ही सोय २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली आणि २०१३ मध्ये डॉकरने हे सारे सर्वांच्या हाती दिले. ‘माझ्या यंत्रावर चालते, तुमच्याकडे का नाही’ हा जुना वाद त्याने बराच मिटवला, पण नवे बिघाडही आणले. ठरवून दिलेल्या स्मृतीपेक्षा जास्त मागणी झाली, की लिनक्सचा गाभा ती प्रक्रिया तत्काळ मारतो आणि कंटेनर १३७ हा क्रमांक मागे ठेवून बंद पडतो. देखरेख करणारी यंत्रणा तो लगेच पुन्हा सुरू करते, म्हणून बाहेरच्या माणसाला साईट ‘कधी चालते, कधी नाही’ अशी भासते. जुना कंटेनर काढून नवा उभारला, तर त्याच्या आत लिहिलेली नोंदवहीही त्याच्यासोबत जाते. नोंदी बाहेर साठवलेल्या नसतील तर कारण शोधायला काही उरत नाही.

घड्याळाचा बिघाड सर्वांत कमी ओळखला जातो. कंटेनरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. स्क्रिप्टने ‘आजची तारीख’ त्या घड्याळावरून घेतली, तर हिंगोलीत मध्यरात्र उलटल्यावर पहाटे साडेपाचपर्यंत तिच्या लेखी आदलाच दिवस चालू राहतो. रात्री लोड कमी म्हणून याच वेळेत अर्ज भरले जातात; मग पावतीवर आदल्या दिवसाची तारीख छापली जाते आणि मुदतीच्या रात्री तर अर्ज ग्राह्य की अग्राह्य याचाच वाद उभा राहतो.

मराठीचा प्रश्नही याच यादीत येतो. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘हिंगोली’ या शब्दात काना-मात्रा-अनुस्वार धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. रकान्याची मर्यादा २० बाइटची ठेवली आणि स्क्रिप्टने बाइट मोजून शब्द कापला, तर शेवटच्या वेलांटीचे दोनच बाइट उरतात आणि तिथे प्रश्नचिन्ह किंवा चौकोन उमटतो. आधारवरील नाव आणि अर्जातील नाव जुळत नाही, अशा तक्रारींपैकी काहींचे मूळ अशा तीन बाइटांत असू शकते. मराठी नावे घेऊन चाचणी केल्याशिवाय कोणतेही सरकारी संकेतस्थळ सुरू होऊ नये.

आता दुसरे टोक, दुधाळा. लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये आणि सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांतून लेसर फिरवून प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी सूक्ष्म बदल टिपणाऱ्या या वेधशाळेचे निम्मे जगणे संगणकावर असते. लायगोच्या विदेचे विश्लेषण पुण्याच्या आयुकासह अनेक संगणन केंद्रांत होते. सर्वत्र आज्ञावलीची तीच आवृत्ती चालावी म्हणून कंटेनर वापरले जातात आणि संभाव्य घटना ‘ग्रेस-डीबी’ या पायथनमधील वेब अनुप्रयोगात नोंदवल्या जातात. तिथला सर्व्हर अडला, तर दुर्बिणींना इशारा उशिरा मिळतो आणि आकाशातील क्षण निघून जातो.

१७ ऑगस्ट २०१७ ची घटना इथे मुद्दाम सांगावीशी आहे. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा संकेत लायगोच्या अमेरिकेतील हॅनफर्ड येथील शोधकावर स्वयंचलित यंत्रणेने पकडला. लायगोच्याच लिव्हिंग्स्टन येथील शोधकाच्या विदेत मात्र विलीनीकरणाच्या सुमारे एक सेकंद आधी एक खरखर उमटली होती, म्हणून यंत्रणेने तिथली नोंद बाजूला ठेवली. शास्त्रज्ञांनी मूळ विदा उघडून पाहिली, तेव्हा त्या खरखरीपलीकडे संकेत स्पष्ट दिसला, आणि घटनेनंतर अकरा तासांच्या आत दुर्बिणीने हे विलीनीकरण जिथे घडले ती दीर्घिका गाठली. यंत्राचा निर्वाळा अंतिम न मानता मूळ नोंद वाचण्याची ही शिस्त सर्व्हरच्या निदानालाही तशीच लागू पडते.

सेवा केंद्रावरच्या माणसाला ही शिस्त वापरता यावी, तर प्रत्येक सार्वजनिक संकेतस्थळाच्या बिघाडाच्या पानावर कारण, भारतीय वेळ आणि तक्रार क्रमांक मराठीत छापला गेला पाहिजे, आणि तो क्रमांक दाखवणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज मुदत टळली तरी स्वीकारला गेला पाहिजे. तोवर केंद्रचालकांनी पडद्यावरचा क्रमांक आणि वेळ वहीत टिपून ठेवावी, आणि जिल्ह्यातील संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींनी लिनक्स, एन्जिनएक्स, पीएचपी आणि डॉकरचे मुक्त इंजिन आपल्या जुन्या लॅपटॉपवर चढवून, मुद्दाम मोडून, नोंदवही वाचत पुन्हा उभे करावे. यासाठी एक रुपयाचाही परवाना घ्यावा लागत नाही.