डुकरं गेली, बेडूक गेले

बेडकाचं डुकरावाचून काय अडतं? ब्राझीलमधल्या ॲमेझॉनच्या जंगलात अडतं, आणि चांगलंच अडतं. तिथे पेकरी नावाचा प्राणी कळपानं हिंडतो. दिसायला आपल्या रानडुकरासारखा, आणि चिखलात लोळायची हौसही तशीच. लोळून लोळून जमिनीत खळगे पडतात, त्यांत पावसाचं पाणी साठतं. अशा डबक्यावर ओणवलेलं पान हेरून फायलोमेड्युसा जातीचे झाडबेडूक त्याची पुंगळी करतात आणि आत अंडी घालतात. अंडी फुटली की पिल्लं टपटप खाली पाण्यात. जंगलाचे तुकडे पडले आणि कळप तिथून निघून गेला, की डबकी बुजतात आणि त्यांच्यावर जगणारे बेडूकही नाहीसे होतात. त्यांना कोणी मारलेलं नसतं. झाडंही जागच्या जागी उभी असतात.

हे कळलं ते एका अजब प्रयोगातून. मनौस शहराच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जात होतं. तेव्हाच्या कायद्यानं जमीनमालकाला निम्मं जंगल राखावं लागे. टॉमस लव्हजॉय या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं त्यातून वाट काढली: राखायचंच आहे, तर थोडं मोजूनमापून, चौकोनी तुकड्यांत राखा. १९७९ साली काम सुरू झालं. एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे मिळून अकरा तुकडे ठरले. खरी हुशारी पुढे आहे. तोड होण्याआधीच तिथली झाडं आणि पक्षी मोजून ठेवले. जंगल उजाड झाल्यावर हळहळणारे पुष्कळ असतात. आधीचा हिशेब हातात असलेले फार थोडे.

भोवतालची झाडं पडली आणि पहिल्यांदा उलटंच घडलं. तुकड्यांतले पक्षी वाढले! शेवटची गाडी चुकलेली माणसं एस.टी. स्टँडवर गोळा व्हावीत, तसे बेघर झालेले पक्षी उरलेल्या झाडीत शिरले होते. काही महिन्यांत ही गर्दी ओसरली, आणि ओसरतच गेली. शंभर हेक्टर म्हणजे अडीचशे एकर, काही थोडंथोडकं रान नव्हे. पण तेवढ्या तुकड्यातूनही झाडोऱ्यात वावरणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत गेल्या.

अडीचशे एकर का पुरू नयेत? याचं एक उत्तर मुंग्यांकडे आहे. तिथल्या लष्करी मुंग्या लाखोंच्या संख्येनं पालापाचोळ्यातून कूच करतात. वाटेतले नाकतोडे, कोळी, झुरळं जीव घेऊन उधळतात आणि पुढे दबा धरून बसलेले पक्षी त्यांना आयते टिपतात. काही पक्ष्यांचं तर सगळं पोटच या लष्करावर चालतं. पण मुंग्या रोज निघत नाहीत. साधारण पंधरा दिवस मुक्काम हलवत फिरायचं आणि वीसेक दिवस एका जागी थांबायचं, असा त्यांचा नेम. थांबलेल्या दिवसांत मोहिमा रोडावतात. म्हणून पक्ष्याला दोन-तीन फौजांचा पत्ता ठाऊक असावा लागतो. (या मुंग्यांना पक्कं वारूळ नसतंच, त्या स्वतःच्याच अंगांचा गोळा करून राहतात.) एका फौजेला फिरायला तीसेक हेक्टर लागतात. म्हणजे तीन फौजांतच शंभर हेक्टरांचा तुकडा जवळजवळ भरतो. मग दहा हेक्टरांच्या तुकड्यात तो पक्षी उपाशी राहणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पलीकडे उडून जावं, तर मधे ऐंशी मीटरचं मोकळं कुरण. पंख असूनही कित्येक झाडोऱ्यातले पक्षी तेवढं उघडं अंतर ओलांडत नाहीत. आयुष्यभर सावलीत वावरलेल्याला ते ऊन भिंतीसारखं वाटत असावं.

तेच ऊन तुकड्यात आतही शिरतं. दाट जंगलात हवा दमट, गार आणि संथ असते. कड उघडी पडली की वारा घुसतो, जमीन सुकते, आणि सगळ्यात आधी मोडतात ती जुनी, अवाढव्य झाडं. मनौसला कडेच्या शंभर मीटरांत काही ठिकाणी १० ते १७ वर्षांत झाडांचं एकूण वजन ३६ टक्क्यांपर्यंत घटलं. आता साधं गणित करा. कडेची झळ शंभर मीटर आत पोचते असं धरलं, तर शंभर हेक्टरांच्या चौकोनात ६४ हेक्टर जंगल शाबूत राहतं. दहा हेक्टरांत जेमतेम सव्वा-दीड. एका हेक्टरात काहीच नाही. तो तुकडा म्हणजे नुसती कड. आणि आज जगातलं सुमारे ७० टक्के जंगल कुठल्या ना कुठल्या कडेपासून एका किलोमीटरच्या आत आहे.

झाडांची गोष्ट मात्र कूर्मगतीनं घडते, म्हणून फसवते. हेलिकोनिया आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाशी लावतात. तिच्या मनौसच्या रानातल्या एका बहिणीच्या बिया तुकड्यांत आणि सलग जंगलात पेरून पाहिल्या, तर सलग जंगलात तीन ते सातपट जास्त उगवल्या. तुकड्यातली थोरली झाडं फुलतात, फळतातही. रोपं मात्र धरत नाहीत. फोटोत सगळं हिरवंगार दिसतं आणि उधारी वाढत राहते.

त्याच प्रयोगात दुसरीही गंमत दिसली. काही कुरणं पडीक राहिली, तिथे सेक्रोपियाची झाडं झपाट्यानं वाढली, आणि गेलेल्यांपैकी काही पक्षी त्या सावलीतून तुकड्यांत परतले. ते काही मूळ जंगल नव्हतं. पण ओलांडायला पुरेसं होतं.

हे वाचल्यापासून कोकणातल्या देवराईत मी वर कमी आणि खाली जास्त बघतो. कित्येक राया एकर-दोन एकरांच्या, म्हणजे मनौसच्या हिशेबानं नुसती कड. गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच एका राईत जुन्या बेहड्याच्या ढोलीत ककणेराचं, म्हणजे धनेश पक्ष्याचं, घरटं होतं. मादी आत, ढोलीचं तोंड लिंपलेलं, फक्त चोचीपुरती फट. बुंध्याशी फळांच्या बियांचा खच पडला होता. त्यात राखाडी, चपट्या, कोटाच्या बटणासारख्या बिया दिसल्या. काजऱ्याच्या.

गुरवकाकांना दाखवल्या. त्यांनी एक बी बोटांत फिरवून पाहिली.

"ह्या राईत काजरा नाही," ते म्हणाले. "तो पलीकडच्या डोंगराला. चालत गेलात तर तास लागेल."

मधे सगळी काजूची लागवड होती. तेवढ्यात त्या दिशेकडून पंखांचा घरघराट आला. नर ढोलीशी टेकला, गळ्यातून एकेक फळ वर काढून फटीत देत राहिला आणि पुन्हा काजूंवरून उडून गेला. थोड्या वेळानं फटीतून चोच बाहेर आली आणि आणखी एक बी टपकन खाली पडली.