यादीत नसलेली वाडी : दरड कोसळण्याआधी काय होत नाही?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. जेमतेम पन्नास घरांची, ठाकूर आदिवासी समाजाची ही वाडी. वर जायला रस्ता नाही. त्यामुळे यंत्रे पोहोचलीच नाहीत आणि बचाव पथकांना भर पावसात पायी डोंगर चढून हाताने माती उपसावी लागली. २७ मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोधकार्य थांबले, तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती.

दुसऱ्याच दिवशी विधिमंडळात सरकारने सांगितले की, दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. हे स्पष्टीकरण म्हणून सांगितले गेले. आम्हाला मात्र ती कबुली वाटली. डोंगराच्या ऐन उतारावर वसलेली वाडी धोक्याच्या यादीत नसेल, तर ती यादी कोणी, कशी आणि कोणासाठी केली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गेले. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव गायब झाल्याचे पहिल्यांदा लक्षात आले ते तिथून जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गेले, तिथे ऐंशीहून अधिक बळी गेले. तळिये महाड तालुक्यात आहे. ज्या महाडला आपण दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर जातो, तिथून हे गाव दूर नाही. नऊ वर्षांत तीन गावे गेली आणि तिन्ही वेळा 'निसर्गाचा कोप' हाच शब्द वापरला गेला.

दरड कशी कोसळते?

सह्याद्रीत खाली कठीण कातळ आणि वर झिजलेल्या खडकाचा, मातीचा थर असतो. सलग दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस पडला की पाणी या थरात मुरते आणि कातळावर अडते. माती जड होते, तिची कातळावरची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. इर्शाळवाडीच्या परिसरात आधीच्या तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. उतार कापून रस्ता काढला, झाडे तोडली किंवा जमीन सपाट केली की हा धोका वाढतो.

पुष्कळदा डोंगर आधी खुणा देतो. जमिनीला नव्या भेगा पडतात. झाडे, विजेचे खांब कलतात. घराच्या भिंती तडकतात, दारे चौकटीत अडकू लागतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा नवीन जागी पाणी फुटते. या खुणा सर्वात आधी दिसतात त्या तिथे राहणाऱ्यांना. म्हणजे पहिला इशारा वेधशाळेकडून नव्हे, वस्तीतूनच येतो. तो ऐकायला कोणी आहे का, हा खरा मुद्दा आहे.

कोकणातल्या वाड्या-पाड्यांवर काम करताना आम्ही हे जवळून पाहिले. एका वाडीवर घरांच्या मागे भेग पडली होती. महिलांनी ती आम्हाला दाखवली. आम्ही अर्ज लिहून दिला, संबंधित कार्यालयात सादर केला, शिक्का मारून पोच घेतली. पाहणीला कोणी आले नाही. पुढच्या पावसाळ्यात वाडीतल्या लोकांना फक्त एक छापील नोटीस मिळाली : 'सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा जबाबदारी आपली राहील.' सुरक्षित स्थळ कोणते, ते त्यात लिहिलेले नव्हते.

इशारा नेमका कुठे अडतो?

हवामान विभागाचा रेड अलर्ट संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. रायगडला रेड अलर्ट आला की अलिबागच्या किनाऱ्यालाही तोच आणि खालापूरच्या डोंगरालाही तोच. कोणत्या उतारावर धोका आहे, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे आहेत. पण या राष्ट्रीय नकाशांचे प्रमाण एकास पन्नास हजार आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. पन्नास घरांची वाडी त्यात टिंबाएवढी. तालुक्यातला कुठला पट्टा धोक्याचा आहे हे असा नकाशा सांगतो, कुणाच्या घरामागचा उतार धोक्याचा आहे हे सांगत नाही. ते काम जागेवर जाऊनच करावे लागते.

तिसरी अडचण प्रशासनाच्या मोजमापाची आहे. जनगणना असो की नियोजन, सरकारचे एकक म्हणजे महसुली गाव. वाडी, पाडा, तांडा, बौद्धवाडा, मातंगवस्ती हे त्या गावाच्या पोटात जातात. गाव सुरक्षित ठरले की वाडीही कागदावर सुरक्षित ठरते. पण गावठाण सपाटीवर आणि वाडी उतारावर. गावठाण उंचावर आणि बौद्धवाडा ओढ्याकाठी, हे आपल्याकडे शेकडो गावांत दिसते. कोणाला कुठली जागा राहायला मिळाली, हे जातीने ठरवले. म्हणून पाणी आणि दरड सर्वांना सारखीच असली, तरी धोका सारखा नसतो.

'लोक ऐकत नाहीत' हे किती खरे?

अधिकाऱ्यांकडून हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. लोक घर सोडायला तयार नसतात, हे खरे आहे. पण का तयार नसतात? गुरे कुठे बांधायची? लावणीच्या दिवसांत मजुरी बुडाली तर कोण देणार? शाळेच्या दोन खोल्यांत चाळीस कुटुंबे, शौचालय एकच. तिथे बायका-मुलींनी किती दिवस काढायचे? एकदा उतरलो तर वनजमिनीवरचा ताबा राहील का? या प्रश्नांना उत्तर नसताना दिलेला इशारा माणसाला घाबरवतो, पण हलवत नाही.

शिवाय आधीच्या लोकांचे काय झाले, हे सगळे पाहत असतात. तळियेच्या अनेक कुटुंबांनी पक्क्या घराची वाट पाहत दोन-दोन वर्षे कंटेनरमध्ये काढली. असे असताना, सरकार सांगते म्हणून डोंगर उतरा, हे कोणत्या विश्वासावर सांगायचे?

ओडिशाचे उदाहरण

हे सगळे अशक्य आहे असे नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले. २०१३ च्या फायलिन वादळाआधी जवळपास १० लाख आणि २०१९ च्या फनी वादळाआधी सुमारे १२ लाख लोकांना हलवले. फनीमध्ये राज्यात ६४ बळी गेले. तेही जाऊ नयेत, पण १० हजार कुठे आणि ६४ कुठे! वादळाचा अंदाज दरडीपेक्षा सोपा, हे मान्य. पण ओडिशात केवळ अंदाज सुधारला नाही. कोण कुणाला सांगणार, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, कुठे नेणार, काय खायला घालणार, हे आधीच ठरवले गेले.

कायद्यात काय आहे?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कलम ३१ नुसार जिल्ह्याच्या आराखड्यात धोक्याची क्षेत्रे नोंदवावी लागतात आणि आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करावा लागतो. कलम ६१ सांगते की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदतीपासून डावलल्याचे अनुभव नोंदवले गेले आहेत, त्यामुळे या कलमाचे महत्त्व कळते.

पण हे कलम मदतीबद्दल बोलते, म्हणजे आपत्ती येऊन गेल्यानंतरचे. पाहणी कोणत्या वस्तीची झाली, यादीत कोण आले, इशारा कोणाच्या दारात पोहोचला, याबद्दल ते काही म्हणत नाही. भेदभाव तर तिथूनच सुरू होतो.

पावसाळ्यापूर्वी आपण काय करायचे?

पहिले काम, माहिती अधिकारात जिल्हा आपत्ती आराखडा मागवा आणि आपल्या वस्तीचे नाव त्यात आहे का ते पाहा. नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची प्रत तहसीलदार व जिल्हाधिकाऱ्यांना द्या. भेगा, कललेले खांब यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. वस्तीत पाऊस मोजायला सुरुवात करा. साधा पर्जन्यमापक शाळेच्या अंगणात बसवता येतो. रात्री नेटवर्क नसेल तर कोण भोंगा वाजवेल, कोणत्या घरातल्या आजी-आजोबांना आधी हलवायचे, कुठल्या वाटेने जायचे आणि गुरांचे काय करायचे, हे मे महिन्यातच ठरवा. आपल्या विहारांची जागा सुरक्षित असेल, तर ती निवारा म्हणून सर्वांसाठी खुली ठेवा.

हे सारे करूनही सरकारची जबाबदारी कमी होत नाही. प्रत्येक वाडी-वस्तीची जागेवर जाऊन पाहणी, वस्तीनिहाय यादी आणि जमिनीसह पुनर्वसन या मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत. आमच्याकडच्या त्या अर्जाच्या पोचेवर अजून शिक्का स्पष्ट दिसतो. ती वाडी आजही त्याच उतारावर आहे, आणि पुढचा पावसाळा येणारच आहे.